पट्टा ताणून कोण धरतो?

पिकअप ट्रकच्या इंजिनाचे झाकण उघडले की पुढच्या बाजूला अनेक पुलींवरून नागमोडी फिरणारा काळा रबरी पट्टा दिसतो. क्रँकशाफ्टकडून शक्ती घेऊन तो वीजजनित्र, स्टिअरिंगचा पंप आणि बऱ्याच इंजिनांत पाण्याचा पंपही फिरवतो. याच रांगेतील एक पुली मात्र काहीच चालवीत नाही. स्प्रिंग असलेल्या दांड्यावर बसून ती पट्ट्याला नुसती रेटून धरते. मेकॅनिक तिला ‘टेन्शनर’ म्हणतात. ती मोडली की थोड्याच वेळात ट्रक रस्त्याच्या कडेला उभा राहतो. असे का व्हावे?

याचे गणित अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने मांडले. खांबाला दोराचे वेढे दिले की एका टोकाला लावलेल्या थोड्या जोराने दुसऱ्या टोकाचा मोठा भार रोखता येतो. घर्षणांक ०.३ असेल तर अर्ध्या वेढ्यात दोन टोकांच्या ताणांचे गुणोत्तर सुमारे २.६ पर्यंत जाते, दीड वेढ्यात सुमारे १७ पर्यंत. पण हे गुणोत्तर आहे, हे विसरून चालणार नाही. सैल बाजूचा ताण शून्य असेल, तर शून्याची सतरापट शून्यच. पट्ट्याने शक्ती वाहून न्यायची, तर त्याच्या सैल बाजूलाही कोणीतरी ताण द्यावाच लागतो.

पट्ट्याचा इतिहास म्हणजे हा ‘कोणीतरी’ बदलत गेल्याचा इतिहास आहे. १८२८ साली अमेरिकेतील लोवेल येथे पॉल मूडीने कापडगिरणीत दातेरी चाकांऐवजी चामड्याचे पट्टे वापरले. चामडे वापराने लांबते. मग पट्टा काढायचा, थोडा कापायचा आणि पुन्हा जोडायचा. किती ताणायचा, हे कामगाराचा हात ठरवी. आपल्याकडे पिठाच्या गिरणीत घसरणाऱ्या पट्ट्याला राळ लावताना अनेकांनी पाहिले असेल. त्याने घर्षण वाढते, पण हरवलेला ताण परत येत नाही.

हाताचा हा अंदाज फ्रेडरिक टेलर या अभियंत्याला पुरेसा वाटला नाही. कारखान्यातील पट्ट्यांच्या नऊ वर्षांच्या नोंदी ठेवून त्याने आपला निबंध लिहिला. पट्टा ताणताना स्प्रिंगकाट्याने ताण मोजावा, असा त्याचा आग्रह होता. ताण कमी पडला तर पट्टा घसरतो, जास्त झाला तर बेअरिंग झिजते.

पुढची सुधारणा पट्ट्याच्या आकारात झाली. १९१७ साली डेन्व्हर येथे जॉन गेट्सने रबर आणि सुताचा ‘व्ही’ आकाराचा पट्टा केला. खाचेत पाचरीसारखा रुतत असल्याने तो कमी ताणातही पकड घेतो. मोटारींत असे दोन-तीन पट्टे असत. वीजजनित्राचा बोल्ट सैल करून, ते पहारीने मागे रेटून आणि बोल्ट पुन्हा आवळून मेकॅनिक पट्ट्याला ताण देई. १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये मात्र एकच लांब सर्पाकार पट्टा आला. त्याचा ताण स्प्रिंगच्या टेन्शनरवर सोपवण्याची पद्धत पुढे रूढ झाली. टेलरच्या स्प्रिंगकाट्याचे काम आता इंजिनातली स्प्रिंगच सतत करू लागली.

या सोयीबरोबर एक जोखीम आली. दोन-तीन पट्टे असताना एक तुटला तरी बाकीची यंत्रे चालत. आता सगळी एकाच पट्ट्यावर आहेत. टेन्शनर मोडला की बॅटरीचा दिवा लागतो, स्टिअरिंग जड होते आणि पाण्याचा पंप याच पट्ट्यावर असेल तर इंजिन तापते. दुरुस्ती तशी साधी: इंजिन बंद करून थंड होऊ द्यायचे, पट्ट्याचा मार्ग कागदावर काढून ठेवायचा, पट्टा उतरवून नवा टेन्शनर बसवायचा. तेवढ्यात बाकीच्या पुली हाताने फिरवून पाहाव्यात. एखादे अडकलेले बेअरिंग नव्या टेन्शनरचाही बळी घेऊ शकते.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. आडव्या, पक्क्या बसवलेल्या काठीवरून सुतळी टाका. एका टोकाला १०० ग्रॅमचे वजन बांधा, दुसरे टोक स्प्रिंगकाट्याने हळूहळू ओढा. सुतळी सरकू लागताना दिसणारा आकडा अर्ध्या वेढ्यासाठी आणि दीड वेढ्यासाठी लिहून घ्या. मग वजन काढून पुन्हा ओढायला सांगा. वेढे तेच, सुतळी तीच, पण काटा जेमतेम हलेल. टेन्शनर काय करतो, हे विद्यार्थी मग स्वतःच सांगतील.