एका लिटरमागे किती औषध?

आज आपण एका आकड्याचा इतिहास पाहणार आहोत. पेशी वाढवलेल्या एका लिटर द्रवातून औषध मिळतं किती?

1957 साली डेन्व्हरला थिओडोर पक यांनी चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून पेशी काढल्या. औषधाचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता. हा प्राणी हवा होता तो गुणसूत्रांसाठी: माणसाची 46, याची फक्त 22, मोजायला सोपी. पण या ‘सीएचओ’ पेशी निघाल्या भलत्याच चिवट.

मग 1980. कोलंबिया विद्यापीठात अर्लॉब आणि चेसिन यांनी डीएचएफआर हे एन्झाइमच नसलेल्या सीएचओ पेशी तयार केल्या. आता गंमत बघा. हवं ते जनुक आणि या एन्झाइमचं जनुक जोडीनं पेशीत घालायचं, आणि मेथोट्रेक्सेट हे विष हळूहळू वाढवत न्यायचं. तगतात त्याच, ज्यांनी एन्झाइमच्या जनुकाच्या प्रती वाढवल्या. आणि त्याला चिकटलेल्या आपल्या जनुकाच्या प्रतीही आपसूक वाढतात. विषाच्या धाकानं काम करून घ्यायचं, असाच हा प्रकार!

1987 मध्ये अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्यावरचं टीपीए मंजूर झालं, ते याच पेशींतलं. पण त्या काळी लिटरमागे 50 मिलिग्रॅमच्या आसपास उत्पादन मिळायचं. टीपीएचा डोस 100 मिलिग्रॅम. म्हणजे शुद्धीकरणातली तूट सोडली तरी एका रुग्णामागे दोन लिटर. तरी हे परवडलं, कारण हा डोस पुन्हापुन्हा द्यायचा नसतो.

अडचण आली ती अँटिबॉडींची. 1997 साली आलेल्या रिटुक्सिमॅबच्या एका डोसला साधारण 600 मिलिग्रॅम लागतात, आणि डोस पुन्हापुन्हा द्यावे लागतात. जुन्या हिशेबानं एका डोसला बारा लिटर! एवढ्या टाक्या आणायच्या कुठून? आणि किंमत रुग्णानं भरायची कशी?

आमच्या मते खरी करामत इथं झाली, आणि तिच्याबद्दल बोललं जातं फार कमी. पेशींना एकदम न भरवता थोडंथोडं अन्न देणं, लॅक्टेट आणि अमोनिया साचू न देणं, मधेच तापमान उतरवणं... सगळी स्वयंपाकघरातली वाटावीत अशी कामं. मिलिलिटरमागे वीस लाखांवर थांबणाऱ्या पेशी एक कोटीच्या पुढे गेल्या आणि जास्त दिवस जगल्या. 2004 साली फ्लोरियन वुर्म यांनी जो आकडा मांडला, तो होता लिटरला 4.7 ग्रॅम.

बारा लिटरचा तो डोस आता जेमतेम 130 मिलिलिटरमध्ये, चहाच्या कपात मावेल इतक्या द्रवात आला. किंमत मात्र त्या प्रमाणात उतरली नाही. ती का, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.