लायकोपीन

टोमॅटो, कलिंगड, लाल गराचा पेरू, पपई इत्यादींना तांबडा रंग देणारे कॅरोटिनॉइड वर्गातील रंगद्रव्य. आहारातून मिळणाऱ्या ज्या वनस्पतिजन्य घटकांचा प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाच्या प्रतिबंधाशी संबंध जोडला गेला, त्यांत सर्वाधिक अभ्यासलेल्यांपैकी हे एक होय.

रसायन : रेणूत कार्बनचे ४० व हायड्रोजनचे ५६ अणू असतात. गाजरातील बीटा-कॅरोटिनाची अणुसंख्याही हीच. मात्र लायकोपिनाच्या सरळ साखळीला टोकाशी वलये नसल्याने शरीरात त्यापासून अ जीवनसत्त्व बनत नाही. पोषणशास्त्राने त्याची उपेक्षा केली ती बहुधा यामुळेच. १३ दुहेरी बंधांपैकी ११ एकाआड एक असतात. लाल रंग व ऑक्सिडीकरणरोधक गुण त्यांतूनच येतात. टोमॅटोतील लायकोपीन बहुतांशी ‘ट्रान्स’ (सरळ) रूपात असते, तर प्रोस्टेटच्या ऊतीत ‘सिस’ (वाकलेली) रूपे जास्त आढळतात (१९९६).

शोषण : कच्च्या फळात लायकोपीन पेशींच्या आत स्फटिकरूपात अडकलेले असते. उष्णतेने पेशी फुटून ते मोकळे होते आणि मेदाबरोबर आतड्यात शोषले जाते. १९९७ च्या एका प्रयोगात दोन्ही वेळा तेलासह, तेवढेच लायकोपीन ताज्या टोमॅटोऐवजी आटवलेल्या टोमॅटोतून दिले असता रक्तातील त्याची कमाल पातळी सुमारे अडीच पट भरली. कांदा-टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतण्याच्या आपल्या रीतीत दोन्ही अटी आपसूक पुऱ्या होतात. नुसते मीठ लावलेल्या फोडींत नाही.

आहार-सर्वेक्षणे : प्रोस्टेटच्या कर्करोगाशी जोडलेल्या संबंधाचा मूळ आधार अमेरिकेतील हार्व्हर्ड विद्यापीठाची पाहणी. दंतवैद्य, पशुवैद्य, औषधविक्रेते इत्यादी ४७,८९४ पुरुषांचा आहार १९८६ मध्ये प्रश्नावलीने नोंदवला गेला; जानेवारी १९९२ पर्यंत त्यांच्यापैकी ८१२ जणांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला. ४६ फळे, भाज्या व त्यांच्या पदार्थांपैकी चारांचाच घटलेल्या जोखमीशी लक्षणीय संबंध दिसला : टोमॅटो, टोमॅटो सॉस, पिझ्झा व स्ट्रॉबेरी. स्ट्रॉबेरी वगळता बाकीचे तिन्ही लायकोपिनाचे मुख्य स्रोत. आठवड्याला दहापेक्षा अधिक वेळा टोमॅटोचे पदार्थ खाणाऱ्यांत जोखीम, दीडपेक्षा कमी वेळा खाणाऱ्यांच्या मानाने, ३५ टक्के कमी होती. टोमॅटोच्या रसाचा असा संबंध आढळला नाही, हे निष्कर्ष उद्धृत करताना सहसा गाळले जाते.

पुढे प्रोस्टेटचा कर्करोग हुडकण्यासाठी रक्ताची पीएसए चाचणी रूढ झाली आणि संथ वाढणाऱ्या गाठीही मोठ्या संख्येने सापडू लागल्या. आरोग्याबाबत दक्ष पुरुष चाचणीही अधिक करवून घेतात, त्यामुळे तुलना अवघड झाली. ज्यांची नियमित तपासणी होत होती अशा पुरुषांच्या २००६ मधील अमेरिकी अभ्यासात एकंदर संबंध दिसला नाही.

प्रयोग : उंदरांवरील एका प्रयोगात (२००३) टोमॅटोची संपूर्ण भुकटी दिलेल्या गटात प्रोस्टेटच्या कर्करोगाने होणारे मृत्यू घटले, शुद्ध लायकोपीन दिलेल्या गटात तसे झाले नाही. प्रस्तुत विषयात यापेक्षा बोलका पुरावा क्वचितच मिळेल. टोमॅटोत फायटोइन, फायटोफ्लुइन ही रंगहीन कॅरोटिनॉइडेही असतात. प्रसिद्धी मात्र रंगीत रेणूला मिळाली व गोळ्याही त्याच्याच निघाल्या. माणसांवरील यादृच्छिक चाचण्या थोड्या व लहान आहेत. अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०११ च्या कॉक्रेन समीक्षेने पुरावा अपुरा ठरवला. वेगळ्या काढलेल्या घटकाच्या गोळ्या निरुपद्रवीच ठरतात असेही नाही : त्याच वर्षी ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढल्याचे ३५,५३३ पुरुषांवरील ‘सिलेक्ट’ चाचणीतून दिसले.

अधिकृत मते : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये टोमॅटोविषयी अत्यंत सावध शब्दांतील दावा मान्य केला, लायकोपिनाविषयीचा फेटाळला. जागतिक कर्करोग संशोधन निधीने लायकोपीनयुक्त पदार्थांना २००७ मध्ये दिलेला ‘संभाव्य संरक्षक’ हा दर्जा २०१४ मध्ये काढून घेतला.

भारत : येथे प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून कमी नोंदले जाते; मात्र तेवढ्यावरून त्याचे श्रेय टोमॅटोला देता येत नाही.

अतिसेवन : त्वचा नारिंगी होते. वर्षानुवर्षे रोज सुमारे दोन लिटर टोमॅटोचा रस पिणाऱ्या एका मध्यमवयीन स्त्रीची नोंद १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. टोमॅटो बंद केल्यावर रंग ओसरला.