वाटाण्याच्या वेलाचा हिशेब

नाशिकच्या गंगाघाटावर हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी महाविद्यालयीन मुलामुलींचा घोळका हाती मोबाइल घेऊन एखाद्या गाण्याचे चित्रण करताना दिसतो. कोणी थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून चेहऱ्यावर उजेड टाकत असते, कोणी गाण्याचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत असते. पुलावरून जाणाऱ्याला दिसते ते एवढेच. त्याआधीचे आठवडे त्याला दिसत नाहीत. गाण्याच्या ओळी मोजून कागदावर पाडलेले तुकडे, घराच्या गच्चीवर करून पाहिलेली धुराची युक्ती, फसलेले आणि पुसून टाकलेले प्रयोग हे सारे त्याच्या नजरेबाहेर राहते. पुसून टाकलेल्या या भागालाही इतिहास असतो. त्याचे एक मोठे प्रकरण याच शहरात घडले, म्हणून त्याविषयी आम्हाला लिहावेसे वाटते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांचे निधन झाले. चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून त्यांचे स्मरण होते, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभे आहे. 'जनक' या शब्दात मात्र एक गफलत दडलेली आहे. त्यामुळे माणूस जन्मतःच सिद्ध असल्यासारखा भासतो. फाळके हे आयुष्यभराचे विद्यार्थी होते. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, मुद्रण, ठसे बनवण्याची कला असे शिकत शिकत ते चाळिशीला आले. मध्यंतरी त्यांनी आपलेच आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोगही केले. येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहून त्यांना नवा ध्यास लागला, तेव्हा त्यांनी पुन्हा पहिल्या इयत्तेपासून सुरुवात केली. या अभ्यासाच्या ताणाने काही काळ त्यांची दृष्टीही गेली होती. १९१२ साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि थोडेफार ज्ञान घेऊन परतले.

त्या काळातली एक कथा आपण सर्वांनी वाचलेली असते. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला, महिनाभर रोज एक चित्र घेतले आणि वेल डोळ्यांदेखत वाढत असल्याचे मिनिटभराचे चित्र तयार केले. 'अंकुराची वाढ' या नावाने ते ओळखले जाते. ते पाहूनच लोकांचा विश्वास बसला आणि भांडवलाची वाट मोकळी झाली, असे सांगतात.

कथा गोड आहे, पण जरा हिशेब करून पाहू. त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवायचा असे आणि सेकंदाला साधारण सोळा चौकटी घेतल्या जात. रोज एक याप्रमाणे महिन्यात तीस चौकटी होतात. पडद्यावर त्या दोन सेकंदही टिकणार नाहीत. मिनिटभराच्या चित्राला नऊशे साठ चौकटी लागतात. म्हणजे महिनाभर रोज बत्तीस. बारा तासांच्या उजेडात हे काम उरकायचे तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी कोणीतरी कॅमेऱ्यापाशी उभे राहून हँडल फिरवलेच पाहिजे.

तेव्हा दोहोंपैकी एक खरे मानावे लागते. चित्र फारच छोटे असेल, नाहीतर रोजचे श्रम फारच मोठे असतील. चित्र लोकांना पटवण्याइतके लांब असेल, तर त्यामागे महिनाभराची राखण होती. कॅमेरा जागचा हलू न देणे, कुंडीला कोणाचा धक्का लागू न देणे आणि उजेड सारखा राखणे हे काम एकट्या माणसाच्या आवाक्यातले नव्हे, त्याला घर लागते. आख्यायिका या घरावरून हात फिरवते आणि 'रोज एक चित्र' असा सुटसुटीत चमत्कार हाती ठेवते. फाळक्यांचा मोठेपणा कमी करण्यासाठी आम्ही हा हिशेब मांडत नाही. तो नेमका कशात होता, हे या हिशेबातून उलट अधिक स्पष्ट होते.

त्या घरात सरस्वतीबाई होत्या. कच्ची फिल्म भोके न पाडलेली येई. अंधाऱ्या खोलीत बसून त्या यंत्रावर फिल्मला भोके पाडीत, रसायने कालवीत, फिल्म धुण्यात हात लावीत आणि चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवीत. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक असेच. याचा उल्लेख बहुधा सहधर्मचारिणीच्या त्यागाखाली होतो. आमच्या मते तो तंत्राच्या इतिहासात व्हायला हवा. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून देव प्रकट किंवा अदृश्य करायचा, तर पहिल्या वेळी हँडलचे फेरे मोजायचे, फिल्म तेवढीच मागे न्यायची आणि पुन्हा चालवायची. या दोन फेऱ्यांत प्रत्येक चौकट त्याच जागी यावी लागते आणि ती भोकांच्या आधारानेच येते. भोक केसभर जरी चुकले, तरी देव थरथरतो आणि भोवतीचा महाल स्थिर राहतो, मग चमत्काराचे हसे होते. पडद्यावरचा चमत्कार अशा रीतीने अंधारातल्या त्या अचूक हातांवर तोललेला होता.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले. नदी, घाट, देवळे, डोंगर आणि भरपूर ऊन असे सगळे हाताशी असलेले हे गाव. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री', १९१७चा 'लंका दहन' आणि १९१८ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचे चित्रपट इथले. या कारखान्यात तयार कारागीर कोठून येणार? कारागीर इथेच घडले, कारण प्रत्येक चित्रपट हाच त्यांचा वर्ग होता. 'लंका दहन'मध्ये अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही तेच झाले. 'श्रीकृष्ण जन्म'मध्ये भयभीत कंसाला आपले मस्तक धडावेगळे झालेले दिसते. १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण पाण्याखाली नागाशी झुंजतो आणि काठावरचे लोक व्याकूळ होऊन पाहतात.

'कालिया मर्दन'ची सुरुवात आम्हाला विशेष बोलकी वाटते. कृष्णाची भूमिका फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केली. कथा सुरू होण्यापूर्वी ती वेशभूषेविना कॅमेऱ्यासमोर येते, चेहऱ्यावर निरनिराळे भाव आणून दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. एरवी जी चाचणी कात्रीखाली जाते, तिलाच फाळक्यांनी प्रस्तावनेचा मान दिला. 'चित्रपट कसे तयार करतात' या लघुपटात तर त्यांनी स्वतःलाच काम करताना दाखवले आहे. जादूगार आपले गुपित झाकतो, तर शिक्षक ते उघडे करतो. केळफांचे फाळके झाले ते इथे, असे म्हणता येईल.

आता गाण्याकडे वळू. मूकपटाला संगीत होते, पण ते थिएटरात पेटी-तबल्यावर आणि चित्राच्या मागून चालणारे. आधी चित्र, मग सूर असा क्रम होता. १९३२च्या 'अयोध्येचा राजा'पासून मराठी पडदा गाऊ लागला, तेव्हा गायचे आणि अभिनय करायचा ही दोन्ही कामे नटाला एकाच वेळी करावी लागत. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायन आणले आणि क्रम पालटला. आधी गाणे मुद्रित करायचे, मग ते वाजवून त्यावर चित्रण करायचे, अशी पद्धत पडली. आजचा प्रत्येक म्युझिक व्हिडिओ याच उलट्या क्रमाचे अपत्य आहे. फाळक्यांचा स्वतःचा बोलपट, कोल्हापूरचा 'गंगावतरण', १९३७ साली आला. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. ज्या माध्यमाचे व्याकरण त्यांनी भोकाभोकाने शिकून घेतले होते, त्याची काळ मोजण्याची रीतच बदलून गेली होती. 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला.

तरीही तो जुना हिशेब संपला नाही. घाटावरच्या मुलांची एक आवडती युक्ती पाहा. गायिकेचा पदर संथपणे लहरतो आहे, पाणी सावकाश उडते आहे, पण ओठ मात्र गाण्याशी तंतोतंत जुळलेले आहेत. हे साधायचे तर चित्रणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे, गायिकेने त्याच वेगाने ओठ हलवायचे, सेकंदाला साठ चौकटी घ्यायच्या आणि त्या तीसच्या गतीने दाखवायच्या. वेग अर्धा होतो, ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि पदर मात्र रेंगाळतो. वाटाण्याच्या प्रयोगात महिना मिनिटात बसवला होता, इथे एका सेकंदाचे दोन होतात. दोन्हीकडे काळाचीच त्रैराशिके आहेत आणि ती आधी कागदावर मांडून पाहावी लागतात. पहिल्या खेपेस ती चुकतातही, कारण दुप्पट वेगाने ओठ हलवणे प्रत्यक्षात फार अवघड जाते.

फाळक्यांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत, तेही बहुतेक तुकड्यांत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ते जपले नसते तर तेवढेही राहिले नसते. पूर्ण झालेल्या कलाकृतींची ही गत, तर चाचण्यांची काय कथा? त्यांची जागा मग आख्यायिका घेते आणि नऊशे साठ चौकटींचे श्रम 'रोज एक' या चार अक्षरांत मावतात. यात नुकसान पुढच्या विद्यार्थ्याचे होते. आपला प्रयोग फसला म्हणजे आपल्यात ती दैवी देणगी नाही, अशी त्याची समजूत होते. वेळोवेळी हँडल फिरवणारे आणि अंधारात भोके पाडणारे हात जर त्याला कोणी दाखवले असते, तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंडीपाशी जाऊन उभा राहिला असता.

म्हणून घाटावरच्या त्या मुलांना सांगावेसे वाटते की, मोबाइलमध्ये जागा करण्यासाठी फसलेले तुकडे लगेच पुसू नका. कोणी तक्ता धरला, कोणी फेरे मोजले, हेही कुठेतरी लिहून ठेवा. शंभर वर्षांनी कोणी हिशेबाला बसलेच, तर त्याच्या हाती चमत्काराऐवजी वही लागू दे.