निशाणी डाव्या हाताचा अंगठा

शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सगळ्यांना ठाऊक. आरोग्य-संशोधनाच्या जगात मात्र ते वेगळ्या कारणाने ओळखीचं आहे. डॉ. बानू कोयाजींनी १९७०च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं काम इथवर आणलं. २००२पासून परिसरातल्या २२ गावांतले जन्म, मृत्यू, ये-जा यांची सलग नोंद होते. संशोधनासाठी इथे घरोघर जाणाऱ्याला आधी एक कागद हाताळायला शिकावं लागतं. तो म्हणजे संमतीपत्र.

नियम साधा आहे. समोरच्याला वाचता येत नसेल, तर मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक त्रयस्थ साक्षीदार बसवायचा. मग अंगठा. प्रशिक्षणात सांगतात की ही रीत न्यूरेंबर्ग संहिता (१९४७), हेलसिंकी जाहीरनामा (१९६४), भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) १९८०ची भूमिका अशा वाटेने आली. खरंच आहे ते. पण या मातीत तिची एक थोरली चुलत बहीण राहून गेली, तिची ओळख सहसा कोणी करून देत नाही.

डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने एका सावकारावर बहिष्कार घातला. पुढच्या मे महिन्याच्या १२ तारखेला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला दंगा उसळला. आजचा दौंड तेव्हा याच भीमथडीत मोडत असे. जमावाला हवी होती खतं, म्हणजे कर्जाचे कागद. ती हाती लागली तिथे जाळली. ज्या कागदावर आपण निशाणी केली त्यात काय लिहिलंय, हे निशाणी करणाऱ्यालाच माहीत नसायचं. कुणब्याची सही म्हणजे पुष्कळदा नांगराचं चित्र. वरचा मजकूर दुसऱ्याचा.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकापुढे व्हायला हवा. निबंधकाने तो मोठ्याने वाचून दाखवावा. करून देणाऱ्याला वाचता येत नसेल तर दोन प्रतिष्ठित साक्षीदार घ्यावेत. या कायद्यातून संमतीपत्र जन्मलं असं मी म्हणणार नाही. पण दोघांमागचं दुखणं एकच आहे: अक्षर एकाकडे, अंगठा दुसऱ्याकडे.

फरक मात्र मोठा आहे. सावकारावर कुळाचा संशय तरी होता. संशोधनाला येणारी ताई बहुधा जवळपासचीच, लसीच्या दिवशी भेटणारी. अर्धं वाचून होत नाही तोच समोरून येतं, "तुम्ही म्हणताय म्हणजे बरंच असेल, कुठं अंगठा देऊ?" माझ्या मते प्रशिक्षणातला सगळ्यात अवघड धडा इथे आहे. हा होकार घ्यायचा नाही. थांबायचं आणि विचारायचं, "आता तुम्ही मला सांगा, बाळाला काय देणार, रक्त किती वेळा घेणार, नको वाटलं तर काय करायचं?" शेवटच्या प्रश्नाशी बरेचजण अडखळतात. खतातून मधेच उठून जाता येत नसे. न्यूरेंबर्गच्या नवव्या कलमाने संशोधनातून उठून जाण्याची मुभा दिली. 'रोटाव्हॅक' ही रोटाव्हायरसच्या अतिसारावरची लस दिल्ली, पुणे, वेल्लोर मिळून ६,७९९ बाळांवर तपासली गेली. पुण्याकडचं काम केईएमच्या संशोधन केंद्राचं. त्यातही प्रत्येक बाळामागे असा एक कागद होता, आणि पालकांना ही मुभा होती.

आता कारेगाव, सणसवाडीकडे कारखाने आले, परराज्यांतली कुटुंबं आली. मराठी मसुदा पुरत नाही, हिंदीही लागतो. कागदाची पानंही वाढली. त्यातली काही माणसाला समजावण्यापेक्षा संस्थेला सांभाळण्यासाठीच असावीत, असं वाचताना वाटून जातं.

एक गोष्ट मात्र दंग्याआधी करड्याच्या कुळाला मिळत नव्हती: प्रत. खत सावकाराच्या पेटीत राहायचं. संमतीपत्राची प्रत घरात ठेवून जावी लागते. घडी घालून ती ट्रंकेत जाते, रेशनकार्ड आणि सातबाऱ्याच्या शेजारी.