सुरू होता होता अडकलेला संगणक

२००४ साली कांजूरमार्ग पूर्वेच्या आमच्या इमारतीत मोजून तीन घरांत संगणक होते. त्यातला एक दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते त्यावर आपल्या आठवणी लिहीत. दोनशेच्या वर पानं झाली होती. त्यांची दुसरी प्रत मात्र कुठंच नव्हती.

विंडोज ९८वर ते एका खास फॉन्टमध्ये टंकत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. परदेशातल्या नातवाला एक प्रकरण पाठवलं, तर त्याचा फोन आला, ‘आजोबा, हे काय पाठवलंत?’ मग कुणीतरी सुचवलं, एक्सपी घाला, त्यात युनिकोड मराठी आहे. सल्ला खरा होता. विंडोज २०००पासून युनिकोड देवनागरीची सोय झाली होती, आणि तिच्यासोबत येणारा ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांचा. जोशी सरांनी अनेक वर्षं पवईच्या आयआयटीत शिकवलं. म्हणजे आमच्याच कांजूर स्टेशनाबाहेरून रिक्षा करून जायचं ते ठिकाण!

एक्सपी चढवला आणि दुसऱ्या दिवशी संगणक अडला. पडद्यावर खूण यायची, खालची पट्टी थोडी सरकायची आणि थबकायची. कॅप्स लॉकचा दिवासुद्धा पेटेना. दुरुस्तीवाला मुलगा आला, म्हणाला, ‘फॉरमॅट मारू.’ त्या काळी सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध होतं. आजोबांनी विचारलं, ‘म्हणजे काय करणार?’ तो म्हणाला, ‘सगळं पुसून नव्यानं घालायचं.’ आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त प्लगचं बटण बंद केलं.

संगणक सुरू होतो कसा, हे इथं थोडं सांगायला हवं. आधी बायॉस जागा होतो, तो तबकडीच्या अगदी सुरुवातीला ठेवलेला चिमुकला प्रोग्रॅम वाचतो, तो त्याहून मोठ्याला बोलावतो. स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःलाच उचलावं, तसं हे. ‘बूट’ हा शब्द तिथूनच आला. आयआयटीत साठच्या दशकात मिन्स्क-२ हे सोव्हिएत यंत्र होतं. तसल्या यंत्रांपुढे चालक बसत, समोरच्या दिव्यांवरून काम कुठं अडलं ते ताडत. पुढे घरगुती संगणकांवर सुंदर चित्र आलं आणि आतलं काहीच दिसेनासं झालं.

या साखळीत ड्रायव्हर येतात. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा सुटा भाग आणि प्रणाली यांच्यातला दुभाषा. विंडोज ९८ जुन्या डॉसच्या पायावर उभी होती, तर २००१ साली आलेली एक्सपी एनटी नावाच्या वेगळ्या घराण्यातली. जुन्या दुभाष्याची भाषा नव्या घरात चालेलच असं नाही. एक जरी अडखळला, तरी मागची सगळी रांग खोळंबते.

आम्ही सुरू होतानाच एफ-८ दाबून सेफ मोड निवडला. विंडोज ९५पासूनची ही सोय. गरजेपुरतंच घेऊन चालू व्हायचं. पडद्यावर फाइलींची नावं धावली आणि ‘मप डॉट सिस’पाशी थांबली. इथं भलेभले फसत. त्या फाइलीला शिव्या घालत, ती काढून टाकायला निघत. वास्तविक ते नाव नीट चढलेल्या फाइलीचं असतं, गडबड असते त्यानंतर. सेफ मोडही अडतोय, तेव्हा दोष एखाद्या सुट्या भागाशी असावा, असं धरून आम्ही डबा उघडला. टीव्ही पाहण्यासाठी बसवलेलं जुनं कार्ड काढलं. संगणक सुरू झाला. सगळ्यात आधी ती दोनशे पानं फ्लॉपीवर उतरवली. नुसता मजकूर, त्यामुळे दोन फ्लॉपींत मावला.

वीस वर्षांनी, १९ जुलै २०२४ला, हेच जगभर घडलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीची एक सदोष फाइल आपल्याकडच्या सकाळी साडेनऊच्या सुमारास सुटली. ७८ मिनिटांत ती मागे घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं तोवर ८५ लाख संगणक कोलमडले होते. आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले. कित्येक संगणक नेटवर्कशी जोडले जाण्याआधीच कोसळत, म्हणून लांबून दुरुस्ती होईना. माणसं एकेका यंत्रापुढे बसली, सेफ मोडमध्ये शिरली आणि ती एक फाइल पुसली. बातम्या ऐकताना मला आजोबांचा तो उघडा डबा आठवत होता.

एक गोष्ट राहिली. एक्सपी आला म्हणून जुन्या फॉन्टमधली पानं काही आपोआप युनिकोड झाली नाहीत. नातवाला ती तशीच खिचडी दिसली असती. आजोबांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून पुन्हा टंकायला घेतलं.