दोन मिनिटे कोणासाठी?

 

मागच्या वर्षी आमच्या बचत गटाची बैठक २३ नोव्हेंबरला होती. सुरुवातीलाच एक ताई म्हणाल्या, "दोन मिनिटं उभ्या राहा गं, श्रद्धांजली वाहायची आहे." आम्ही उभ्या राहिलो. अर्धं मिनिट झालं नाही तर कोणाचा तरी फोन वाजला आणि सगळ्या खाली बसल्या. आईसोबत आलेल्या एका पोरीने विचारलं, "कोणासाठी उभ्या होत्या तुम्ही?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं. "गोवारींसाठी" एवढंच सांगता आलं. तिला जे सांगायला हवं होतं, ते आज सांगतो.

गोवारी म्हणजे आपल्या विदर्भातला गाई राखणारा समाज. दिवाळीत गायगोधनाला ढाल घेऊन निघतात, नाचतात, ते तुमच्याही गावात पाहिलं असेल. गावाची गुरं त्यांनी चारली, पण स्वतःची जमीन फारच थोड्यांकडे. अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' असं नाव आहे. समाजाचं म्हणणं असं की ते नाव आमचंच, आम्हाला सवलती द्या. लेकरांची शाळा, वसतिगृह, नोकरी, सगळं त्या दोन शब्दांवर अडलेलं.

ही मागणी घेऊन २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हजारो गोवारी नागपुरात आले. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. बायांच्या कडेवर लेकरं होती, पदराला शिदोरी होती. विधानभवनाकडे निघालेला मोर्चा मॉरिस कॉलेजजवळच्या टी पॉइंटला अडवला. निवेदन घ्यायला कोणी मंत्री येईल म्हणून लोक वाट पाहत राहिले. दिवस कलला. मग गर्दी हलली, पोलिसांचा लाठीमार झाला आणि लोक जीव घेऊन पळू लागले. एकीकडे कठडे, दुसरीकडे पोलीस, मधे माणसांवर माणसं. त्या चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. त्यात बहुतेक बाया आणि लेकरं होती. ज्यांच्या हाताशी लेकरू होतं, त्यांना पळता कसं येणार?

पुढे काय झालं तेही ऐका. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग बसला, पण त्याच्या अहवालातून कोणावर दोष आला नाही. १९९५ मध्ये सरकारने गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घेतलं, मात्र मूळ मागणी तशीच राहिली. १४ ऑगस्ट २०१८ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निकाल दिला. गावोगावी गुलाल उधळला गेला. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे, असं न्यायालयाने म्हटलं. त्या दोन शब्दांसाठी माणसं गेली आणि ते शब्द अजून मिळाले नाहीत.

आता उभं राहण्याच्या रीतीबद्दल. दुःखात गप्प होणं आपल्याला नवं नाही. घरात मयत झाली की चूल पेटत नाही, शेजारीण भाकरी आणून देते आणि न बोलता बाजूला बसते. पण सगळ्यांनी एकाच वेळी, घड्याळ लावून उभं राहायचं, ही रीत पहिल्या महायुद्धानंतरची. ते युद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं. पुढच्या वर्षी त्याच दिवशी सकाळी ११ वाजता इंग्रजांच्या साम्राज्यात दोन मिनिटं सगळं थांबलं. गाड्या थांबल्या, कारखाने थांबले. आपल्याकडे ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, ११ वाजता भोंगा होतो आणि दोन मिनिटं मौन पाळतात, ती त्याच रीतीची पुढची पायरी.

त्या पहिल्या मौनात उभ्या असलेल्या बायांना ते कोणासाठी हे सांगावं लागलं नसेल. कोणाचा नवरा गेला होता, कोणाचा मुलगा. आपलं तसं नाही. तीस वर्षं उलटली, नवी पिढी आली. आधी कोणी सांगितलंच नाही, तर दोन मिनिटांत माणूस फक्त घड्याळ पाहतो.

आणि गप्प राहणं दोन तऱ्हेचं असतं, मैत्रिणींनो. १९९४ ला ती माणसं दिवसभर उत्तराची वाट पाहत होती आणि समोरून कोणी बोललं नाही. तेही मौनच होतं. आपण जे पाळतो ते त्याच्या उलट असायला हवं. त्यांचं म्हणणं आधी मोठ्याने सांगायचं, मग मान खाली घालायची.

म्हणून आमच्या गटाने ठरवलं आहे. उभं राहण्याआधी एकीने पाच वाक्यं सांगायची: कोण आले होते, कुठून, काय मागत होते, काय झालं, आज ती मागणी कुठे आहे. मग फोन बंद, आणि घड्याळ एकीच्याच हातात. पुरी दोन मिनिटं. लेकरांनाही सोबत उभं करायचं, त्यांना हाकलायचं नाही. तुमच्या गावात गोवारी घरं असतील, तर ती पाच वाक्यं त्या घरच्या बाईलाच सांगू द्या. तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

नागपूरला आलात तर सीताबर्डीजवळ झिरो माईलच्या बाजूला गोवारी शहीदांचं स्मारक आहे, तिथे जा. आम्हाला मनीषनगरहून ते फार दूर नाही, उज्ज्वलनगरला मेट्रोत बसलं की झालं. तरी आमच्यातल्या कित्येकींनी ते पहिल्यांदा पाहिलं ते त्या पोरीने विचारल्यावर. सीताबर्डीच्या उड्डाणपुलालाही आदिवासी गोवारी शहीदांचंच नाव आहे. त्यावरून आम्ही कितीदा गेलो, बांगड्या घ्यायला, दवाखान्यात, लग्नाच्या खरेदीला. नाव कधी वाचलं नाही.

येत्या २३ नोव्हेंबरला ती पोरगी बैठकीला येणार आहे. पाच वाक्यं तीच सांगणार आहे.