कालव्यातल्या नावेची कुळकथा

पैठणच्या नाथसागर या गोदावरीवरच्या जलाशयातून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूरच्या शिवारांतून परभणीकडे जातो. लांबी 208 किलोमीटर, पण त्यात नाव दिसत नाही. इथे पाणी येतं आवर्तनाने. चारीला पाणी सुटलं की मोसंबीवाले, ऊसवाले रात्रीसुद्धा बॅटरी घेऊन बांधावर उभे असतात. पाणी शेतात पोचायचं तर कालव्याला उतार हवा. नावेला हवं ते याच्या उलट: संथ, सपाट, बारमाही पाणी.

फ्रान्समधला ‘कनाल द्यू मिदी’ नावांसाठीच खोदला गेला. पिएर-पॉल रिके हा मिठावरचा कर वसूल करणारा मक्तेदार. 1666 मध्ये चौदाव्या लुईने त्याच्या योजनेला मंजुरी दिली. खरी अडचण होती वाटेतल्या चढाची. माथ्यावर पाणी आणायचं कुठून? रिकेने डोंगरातले ओढे पाटांनी नोरूझच्या खिंडीत वळवले, साँ-फेरेओलला धरण बांधलं आणि माथ्यावरून पाणी दोन्ही अंगांना सोडलं. त्याच्या दूरदृष्टीपुढे मी आजही नतमस्तक होतो.

चढ-उतारासाठी जागोजाग लॉक, म्हणजे दोन दरवाजांमधली पाण्याची कोठी. नाव आत शिरते, मागचा दरवाजा मिटतो. वरची झडप उघडली की पाणी उसळत आत येतं, नाव उचलली जाते, सैल पडणारा दोर सारखा आवळावा लागतो. काठ हळूहळू नजरेसमोर येतो आणि पुढचा दरवाजा उघडतो.

रिके 1680 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी कालवा सुरू झाला. धान्य, दारू आणि उतारू वाहणाऱ्या या वाटेने मे 1787 मध्ये अमेरिकेचे पॅरिसमधले राजदूत टॉमस जेफरसन गेले. चाकं काढून बग्गी होडीवर ठेवली, होडी काठावरून घोड्याने ओढली. ते लॉकची टिपणं काढत, आजूबाजूचा मुलूख बघत निवांत पुढे सरकले. आजच्या कालवा-सहलीचा पूर्वज मला या प्रवासात दिसतो. पुढे रेल्वेने माल पळवला, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालवाहू नावा थांबल्या आणि भाड्याच्या घरनावा आल्या. त्या चालवायला परवानाही लागत नाही.

शेत आणि नाव दोन्ही सांभाळणारा कालवा आपल्याच गोदावरीवर झाला, पण खाली आंध्रात. आर्थर कॉटनने 1847 ते 1852 मध्ये धवळेश्वरला बंधारा घातला आणि त्याच्या कालव्यांना लॉक बसवले. त्रिभुजातल्या सपाटीवर, भरपूर पाण्यात ते जमलं. मराठवाड्यात प्यायला आणि बागांना पाणी पुरताना मारामार. इथे डाव्या कालव्याचं पाणी नावांऐवजी शेतासाठी राखलं, हे योग्यच झालं.